ताप उतरल्यावर

दिवाळी अंकाची सुरुवात खैरलांजीने करावी का, यावर आमच्यात बराच वाद झाला. पण यंदाचा विषय 'न्याय' ठरला, आणि भंडाऱ्यात बसून या शब्दाकडे जाताना मोहाडी तालुक्यातलं हे गाव टाळता येत नाही.

29 सप्टेंबर 2006. त्या संध्याकाळी सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी आणि दोन मुलगे यांना जमावाने ठार मारलं. प्रेतं कालव्यात सापडली. घरातले एकटे सुरेखाबाईंचे पती भैयालाल वाचले. तीन दिवसांनी दसरा होता. नागपुरात धम्मदीक्षेची पन्नाशी साजरी झाली. 21 ऑक्टोबरला दिवाळी आली. आपण सगळ्यांनी पणत्या लावल्या. विदर्भभर मोर्चे पेटले ते नोव्हेंबरात. तोवर संताप नव्हता, एवढंच. अन्याय पहिल्याच रात्री पुरता होऊन गेला होता.

दुसरी बाजू याहून अवघड आहे. संताप मारणाऱ्यांनाही होता. शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाला मारहाण झाली, तेव्हा सुरेखाबाईंनी आणि मुलीने मारणाऱ्यांना ओळखून साक्ष दिली. ती माणसं जामिनावर सुटली आणि त्याच दिवशी हल्ला झाला. दलित बाईने आपल्याविरुद्ध तोंड उघडावं, याची ती चीड! तेव्हा रक्त उसळलं म्हणून कोणाची बाजू न्यायाची होत नाही. 'संताप' या शब्दात ताप आहे. तो कोणाच्याही अंगात चढतो आणि उतरतो. अन्याय अंगात नसतो. तो माणसामाणसांमध्ये घडलेला असतो, आणि सगळे शांत झाले तरी जागचा हलत नाही.

2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी 25 वर्षांचा कारावास दिला. शिक्षा झाली, हे खरं. पण दोन्ही निकालांत हेतू ठरला तो सूड. अॅट्रॉसिटीचा कायदा लागू झाला नाही. मारणाऱ्यांचा राग कागदावर आला. तो राग इतक्या थराला नेण्याची मुभा त्यांना जातीने दिली होती, हे आलं नाही. आमच्या मते ही चूक होती, आणि याच जिल्ह्यातून निघणाऱ्या अंकात ते लिहिणं आम्हाला आवश्यक वाटतं.

भैयालाल जानेवारी 2017 मध्ये गेले. त्यांच्या घरावर जे कोसळलं त्याचं कायद्याच्या कागदावरचं नाव त्यांच्या हयातीत बदललं नाही.