पावती फाडा, गेम खेळा!

दुर्गोत्सव म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोलकाता येतं. आम्हा यवतमाळकरांच्या डोळ्यांसमोर फक्त यवतमाळच येतं! नवरात्रातले ते नऊ दिवस, ती रोषणाई, देखाव्यांसमोरची ती मध्यरात्रीपर्यंतची गर्दी... सगळंच सॉलिड. आणि हा सगळा झगमगाट उभा असतो एका साध्या गोष्टीवर. वर्गणी! 'ताई, पावती फाडा नं,' म्हणत मंडळाचे पोट्टे दारात येतात तेव्हा मंडप उभा नसतो, मूर्तीला रंग लागलेला नसतो. तरी आपण पैसे देतो. कारण मागच्या वर्षीचा देखावा आपण पाहिलेला असतो.

तर मंडळी, याच वर्गणीचं हायफाय नाव म्हणजे क्राउडफंडिंग. आणि सध्या माझ्या डोक्यात घोळतेय ती व्हिडिओ गेमसाठीची वर्गणी.

आता तुम्ही म्हणाल, गेमला कसली वर्गणी? हाच प्रश्न माझ्या मावशीनंही विचारला, 'काहून बाई, त्यायले कंपनी पैसे नाही देत का?' मावशी, नाही देत! मोठ्या कंपन्या पैसा लावतात तो क्रिकेटवर, कार रेसिंगवर, बंदुकांवर. चार-पाच जणांची टीम एखादी वेगळी गोष्ट घेऊन आली, तर तिला इंडी गेम म्हणतात आणि बहुतेक वेळा दार दाखवतात. मग ही टीम किकस्टार्टरसारख्या साइटवर लोकांकडे थेट पैसे मागते. नियम सोपा. ठरलेल्या मुदतीत ठरलेली रक्कम जमली तरच पैसे टीमला मिळतात. नाही जमली, तर कुणाच्याही खात्यातून एक पैसाही जात नाही.

यात नवीन काही नाही हं. लोकमान्य टिळकांचा पाठिंबा असलेला 'पैसा फंड' आठवा. माणशी एक पैसा गोळा करून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला होता. वस्तू बाजारात यायच्या आधी लोकांनी तिच्यावर पैसे लावले. सेम टू सेम!

आता आपल्याकडच्या दोन गोष्टी ऐका.

पहिली भोपाळची. पायरोडॅक्टिल नावाच्या छोट्या टीमनं २०१३ मध्ये 'अनरेस्ट' या गेमसाठी किकस्टार्टरवर फक्त ३ हजार डॉलर मागितले. मिळाले ३६ हजारांवर! गेम २०१४ मध्ये आला. त्यात हीरो नाही, सुपरपॉवर नाही. प्राचीन भारतासारखं एक काल्पनिक शहर आहे, तिथे दुष्काळ पडलाय, आणि तुम्ही खेळता साध्या माणसांच्या भूमिकेत. त्यातली एक आहे मनाविरुद्ध लग्न ठरलेली शेतकऱ्याची मुलगी. तलवारीपेक्षा बोलणं जास्त. गेम छोटा आहे, ग्राफिक्सही साधेच. पण कोरडं आभाळ आणि घरात ठरलेलं लग्न, हे आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात नव्यानं समजावून सांगावं लागत नाही. अशी गोष्ट गेममध्ये खेळायला मिळेल, असं मला तरी वाटलं नव्हतं. एखाद्या मोठ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये ही आयडिया पाच मिनिटंही टिकली नसती.

दुसरी गोष्ट पुण्याची, आणि ती जरा टोचणारी आहे. नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी' बनवायला घेतला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, आणि तिच्या हातात त्रिशूळ देणारी साक्षात दुर्गा! आमच्या यवतमाळात तर यावर एका रात्रीत वर्गणी जमली असती. पण २०१७ मध्ये किकस्टार्टरवर 'राजी'ची रक्कम जमलीच नाही. नियमाप्रमाणे हाती आलं शून्य. काम सुरू राहावं म्हणून टीममधल्या श्रुती घोष यांनी स्वतःचं घर विकलं. पुढे एपिक गेम्सचं अनुदान मिळालं, प्रकाशक मिळाला आणि २०२० मध्ये गेम आला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम इंडी गेमच्या नामांकनांत 'राजी'चं नाव होतं. तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, स्टेटस टाकले. टाळ्या फुकट असतात हो! पैशांची गरज २०१७ मध्ये होती.

मला नेमकं हेच म्हणायचंय. आपल्या मातीतल्या गोष्टी गेममध्ये का दिसत नाहीत, अशी तक्रार आपण कॉफी पिता पिता करतो. त्या दिसतील, पण कुणीतरी आधी पावती फाडली तरच.

म्हणून डोळे मिटून पैसे द्यायचे का? अजिबात नाही! 'मायटी नं. ९' या गेमनं २०१३ मध्ये ३८ लाख डॉलरवर रक्कम गोळा केली. बनवणारं नाव मोठं, गाजावाजा त्याहून मोठा. २०१६ मध्ये गेम हातात आला आणि लोकांनी कपाळावर हात मारला. याउलट ऑस्ट्रेलियाच्या टीम चेरीनं २०१४ मध्ये 'हॉलो नाइट'साठी ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले आणि ५७ हजार मिळवले. गेम आला २०१७ मध्ये, पुढे त्याच्या दीड कोटी प्रती खपल्या. त्याचा पुढचा भाग 'सिल्कसाँग' सप्टेंबर २०२५ मध्ये आला, तो त्या जुन्या वर्गणीदारांना फुकट मिळाला. अकरा वर्षांनी घरपोच प्रसाद!

मग पावती फाडण्याआधी बघायचं काय? मंडळाला जे विचारतो, तेच.

मागचा देखावा कुठाय? टीमनं आधी एखादा छोटा तरी गेम पूर्ण केलाय का, ते बघा.

मूर्ती दाखवा! नुसत्या सुंदर चित्रांवर आणि ट्रेलरवर भाळू नका. खेळून बघण्यासारखा डेमो असेल तर तो आधी खेळा.

हिशेब कुठाय? पगार, संगीत, चित्रं यांचा खर्च मोकळेपणानं मांडणारी टीम बरी. चार जणांचं दोन वर्षांचं काम चिमूटभर पैशांत करू म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.

आणि शेवटचं म्हणजे, वर्गणी ही खरेदी नाही. गेम उशिरा येईल, कदाचित येणारही नाही. त्यामुळे बुडाली तरी झोप उडणार नाही, एवढीच रक्कम द्या. परदेशी साइटवर पैसे देण्यासाठी कार्डावरचे इंटरनॅशनल व्यवहार आधी सुरू करून घ्या, काम झालं की बंद करा.

खिसा रिकामा असेल, तरी हरकत नाही. डेमो खेळा, काय आवडलं, काय खटकलं ते टीमला कळवा, स्टीमवर गेम विशलिस्टमध्ये टाका. विशलिस्टचे आकडे बघून प्रकाशक दार उघडतात, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

महिन्यातून एका पिझ्झाचे पैसे बाजूला टाकले, तर वर्षभरात दोन-तीन टीमची पावती सहज फाटते. कुणी सांगावं, त्यातलीच एखादी गोष्ट उद्या कापसाच्या शेतात घडेल आणि त्यातली हिरॉईन चक्क वऱ्हाडी बोलेल!