पाव किलोचं पाखरू

मुलांनो, या आठवड्यात पत्रांचा गठ्ठा सोडला आणि पहिलंच पत्र निघालं ते असं : 'बाई, सातवीत चांगले मार्क पडले तर बाबा मला कॅमेऱ्याचा ड्रोन घेऊन देणार आहेत. कोणता घेऊ?' पत्राखाली नाव-गाव व्यवस्थित आहे, पण ते मी छापायला देत नाही. कारण त्याच पत्रात शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय, 'आईला अजून सांगितलेलं नाही.'

तर मित्रा, कोणता घ्यायचा ते सांगते. पण त्याआधी माझी फजिती ऐक. तुम्ही सगळेच ऐका.

आमच्या चौथीच्या वर्गात नकाशाचा धडा चालू होता. 'नकाशा म्हणजे वरून दिसणारं चित्र,' असं मी म्हटलं, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, 'वरून म्हणजे कुठून, बाई?' आता काय सांगणार? आमच्या गावात सगळ्यांत उंच काय, तर पाण्याची टाकी. तेव्हा भिशी लागली त्या पैशांत मी एक छोटा ड्रोन घेतला. बॅटरीसकट वजन पाव किलोच्या आत. पंख मिटले की जेवणाच्या डब्याएवढा. शाळेची परसबाग, हापसा, झेंड्याचा खांब, सगळं वरून टिपायचं आणि मुलांसमोर ठेवायचं, असा बेत होता.

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर गेले. उत्साह दांडगा! पडद्यावर लिहून येत होतं की अजून पुरेसे उपग्रह सापडले नाहीत, थांबा. पण थांबतंय कोण? कळ दाबली आणि भुंग्यासारखा आवाज करत पाखरू निंबाच्या शेंड्यापर्यंत गेलं. परसबाग दिसली, वांग्याचे वाफे दिसले. इतकं छान वाटलं म्हणता! मग वाटलं, आपणही चित्रात यावं. म्हणून त्याचं नाक माझ्याकडे वळवलं.

आणि इथेच घोटाळा झाला. ड्रोनचं तोंड आपल्याकडे असलं की त्याचं डावं ते आपलं उजवं. समोर उभ्या मुलाला 'डावीकडे सरक' म्हटलं तर तो आपल्या उजवीकडे सरकतो ना, अगदी तसं. वाऱ्याने पाखरू कुंपणाकडे सरकायला लागलं. मी उलट बाजूला ओढायला गेले, तर ते आणखी जोरात तिकडेच! 'घरी परत ये' असं सांगणारं एक बटण असतं, ते दाबलं. काही होईना. होणार कसं? उपग्रह मिळायच्या आधीच उडवलेलं, त्यामुळे आपलं घर कुठलं, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

कुंपणापलीकडे एका आजींचं घर आहे. मागच्या अंगणात न्हाणी, चार बाजूंना कूड आणि वर नुसतं आभाळ. खेड्यात अशा न्हाण्या असतात, तुम्हाला माहीत आहे. आजींची सून नुकतीच बादली घेऊन आत गेली होती. डोक्यावर घरघर ऐकून तिने वर पाहिलं आणि बादली तिथेच टाकून घरात धावली. मी दोन्ही काड्या सोडल्या, पाखराची शेपूट माझ्याकडे येईपर्यंत ते जागच्या जागी फिरवलं आणि मागे ओढून आणलं. सगळं मिनिटभरात झालं असेल. माझे हात मात्र संध्याकाळपर्यंत कापत होते.

थोड्या वेळाने आजी फाटकाशी आल्या. 'बाई, परत मोजणी आली का? मागं चुना मारून घेतला तवा सांगून तरी आले होते.' तुमच्यातल्या काहींना आठवत असेल, 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातल्या घरांची मोजणी ड्रोनने झाली. आधी लोकांनी आपापल्या जागेच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारायच्या, मग वरून फोटो, आणि त्यावरून नकाशा. आजींना वाटलं, तेच यंत्र आलं. हे यंत्र माझं आहे म्हटल्यावर त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'तुम्ही शिकलेल्या. दारातून आला असता तर चहा दिला असता.'

मी त्यांच्या ओट्यावर बसून चित्रफीत त्यांच्यासमोर पुसून टाकली. ड्रोनमधल्या कार्डातली आणि मोबाईलमधलीही. सूनबाई मात्र बाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या न्हाणीवर पोती शिवून आडोसा केलेला दिसला. त्यात कुणाचं तोंड नीट दिसतसुद्धा नव्हतं, असं मी कितीही सांगितलं तरी काय उपयोग? खाली उभ्या असलेल्या माणसाला वर काय टिपलं जातंय ते कळतच नाही. ती पोती अजून तिथेच आहेत. वर्गाच्या खिडकीतून रोज दिसतात.

हं, तर आता ड्रोनकडे वळू.

त्याला चार पंखे का असतात, यावर कधी विचार केलाय? फिरत्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसा आणि दोन्ही हात झटकन उजवीकडे फिरवा. खुर्ची डावीकडे वळते! पंखा एका दिशेने फिरला की अंग उलट दिशेने गरगरू पाहतं. हेलिकॉप्टरच्या शेपटीवर छोटा पंखा असतो तो हे गरगरणं थांबवायला. ड्रोनमध्ये युक्ती वेगळी. दोन पंखे घड्याळाच्या काट्यांसारखे आणि दोन उलटे फिरतात, की झाली फिट्टंफाट! पुढे जायचं असेल तर मागचे दोन पंखे जोरात फिरतात, शेपूट उचलली जाते आणि ड्रोन पुढे झुकून निघतो. जागच्या जागी वळायचं असेल तर समोरासमोरच्या कोपऱ्यांतली एक जोडी जोरात आणि दुसरी हळू. हा हिशेब आतला छोटा संगणक सेकंदाला शेकडो वेळा करतो. म्हणून तर मोटरी चार असून काड्या दोनच पुरतात.

आणि वरून चित्र काढायचं वेड काही आजचं नाही बरं का! फ्रान्समध्ये आर्थर बात्यू नावाच्या गृहस्थाने 1888 साली पतंगाला कॅमेरा बांधून फोटो काढला होता. बटण दाबायला वर कोण जाणार? त्याने जळती वात लावली. ती जळत कॅमेऱ्यापर्यंत पोचली की झडप उघडायची. जर्मनीतले औषधविक्रेते युलियस नॉयब्रॉनर यांनी तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कबुतराच्या छातीवर कॅमेरा बांधला. कबुतर बिचारं आपल्या घरी उडत निघायचं आणि वाटेत फोटो निघायचे.

आता तुझा प्रश्न. माझं ऐकशील तर पहिला ड्रोन कॅमेऱ्याचा घेऊच नकोस. तळहाताएवढा, पंख्यांभोवती कडी असलेला खेळण्यातला ड्रोन घे. तो आदळला तरी फार काही बिघडत नाही आणि खोलीत उडवता येतो. फरशीवर खडूने चौकोन काढ. उचलायचा, डोळ्यांच्या उंचीवर एका जागी धरायचा आणि त्याच चौकोनात उतरवायचा. पहिले काही दिवस एवढंच. कंटाळा येईल. येऊ दे. मग त्याचं नाक स्वतःकडे करून हाच खेळ. हे जमलं की हवेत इंग्रजी आठचा आकडा काढायचा. एवढं केलं असतं तर माझी ती सकाळ टळली असती. पंख्यापाशी बोट मात्र नेऊ नका, ते चांगलंच कापतं. लहान भावंडांना लांब बसवा.

पालकांनो, बॅटरीकडे तुम्ही लक्ष द्या. ही लिथियमची बॅटरी हलकी पण तापट असते. उडवून आणली की थंड होऊ द्या, मगच चार्जिंगला लावा, आणि लावून झोपून जाऊ नका. फुगलेली दिसली तर ती पुन्हा वापरायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. पडद्यावर तीस टक्के दिसले की खेळ आटोपून खाली यायचं. शेवटच्या थेंबापर्यंत उडवायला ती काही स्कूटर नव्हे, वाटेत बंद पडली तर ढकलत आणता येत नाही!

पुढे कधी खरा कॅमेऱ्याचा घ्याल तेव्हा कायदाही बघावा लागेल. भारतात 25 ऑगस्ट 2021 पासून ड्रोनचे नियम लागू आहेत. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला त्यात 'नॅनो' म्हटलंय आणि तो उडवायला परवाना लागत नाही. पण कुठेही उडवा असा त्याचा अर्थ नाही. सरकारच्या 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर हिरवे, पिवळे आणि लाल भाग आहेत. हिरव्यात साधारण 400 फुटांपर्यंत, म्हणजे चाळीस मजली इमारतीएवढं वर जाता येतं. लाल भागात परवानगीवाचून पाऊल टाकायचं नाही. विमानतळाच्या जवळ तर नाहीच नाही. शहरात पोलिसांची वेगळी बंदी असू शकते, तेव्हा ठाण्यात विचारून घ्यावं. रायगडासारख्या किल्ल्यांवर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. नोंदणीचं काय ते मोठ्यांनी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहावं. आणि दुबईच्या मामाला 'येताना घेऊन ये' असं कळवू नका हं! परदेशातून तयार ड्रोन आणायला फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे. मामा विमानतळावरच अडकायचा.

मैदानावर गेलात की आधी उपग्रहांची वाट बघा. पत्र्याच्या शेडपासून आणि लोखंडी फाटकापासून लांब उभे राहा, कारण आतला होकायंत्राचा भाग त्याने बिथरतो. 'घरी परत ये'ची उंची आजूबाजूच्या झाडांहून जास्त ठेवा, नाहीतर ड्रोन सरळ रेषेत परत येताना निंबात जाऊन बसेल. विजेच्या तारांपाशी नको. घार घिरट्या घालू लागली तर शहाण्यासारखं खाली उतरवा, आभाळ आधी तिचं.

आणि शेजारच्या घरांना आदल्या दिवशी जाऊन सांगा. आता मी तसंच करते. चौथीच्या मुलांसाठी चित्र काढलं ते त्यानंतर महिन्याने. आजूबाजूच्या सगळ्या दारांतून आधी जाऊन आले. आजींच्या दारातून चहासुद्धा मिळाला. वर्गात फळ्याशेजारी तो फोटो लावलाय, हापसा कुठे ते मुलं अचूक दाखवतात.

तर सातवीतल्या माझ्या मित्रा, तुमच्या घरामागे काय काय आहे, ड्रोन कुठे उडवशील, तिथून कुणाकुणाचं अंगण दिसेल, त्याचा एक नकाशा काढून मला पाठव. आणि आईला सांगितलंस का, तेही लिही.