आकड्यांमागील श्रम आणि आकड्यांची पत

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७६ वी फेरी जुलै ते डिसेंबर २०१८ या सहा महिन्यांत पार पडली. पिण्याचे पाणी, शौचालय, सांडपाणी, केरकचरा आणि निवारा हे तिचे विषय होते. ग्रामीण भागातील ६३,७३६ आणि शहरी भागातील ४३,१०२ अशा एकूण १,०६,८३८ कुटुंबांची माहिती तीत गोळा झाली.

हे कार्य सर्वस्वी सामूहिक आहे. कोलकात्यात नमुन्याची आखणी होते व प्रश्नावली सिद्ध होते. अन्वेषक वाड्यावस्त्या आणि झोपडपट्ट्या पालथ्या घालून ती भरून आणतात. पर्यवेक्षक ती पडताळतात. त्यानंतर नागपूरसारख्या केंद्रांत तिची छाननी होते. दिवसाची मजुरी सांभाळून उत्तरे देणारी कष्टकरी स्त्रीही या श्रमाची भागीदार असते. १९५० साली प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या या यंत्रणेची सारी पत या साखळीवर अवलंबून आहे.

२ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा पंतप्रधानांनी केली. पुढच्याच महिन्यात या फेरीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१८ च्या उत्तरार्धात ग्रामीण भागातील ७१.३ टक्के कुटुंबांनाच शौचालय उपलब्ध होते. सरकारी लाभाविषयीचा प्रश्न आधी विचारल्याने उत्तरे कमी भरली असण्याचा संभव आहे, हे अहवालातच नमूद होते. शास्त्राला शोभणारा प्रामाणिकपणा तो हाच. परंतु सरकारने त्याचाच आधार घेऊन निष्कर्षांचे महत्त्व कमी लेखले. त्याच महिन्यात २०१७-१८ चे कुटुंबखर्चाचे सर्वेक्षण तर गुणवत्तेचे कारण पुढे करून दडपण्यात आले.

आकडा सदोष असेल तर तो पद्धतीसह लोकांपुढे मांडून तपासावा. गैरसोयीचा म्हणून गाडून टाकू नये. ज्या घरात नळ नाही, ज्या वस्तीत गटार नाही, त्यांच्या मागणीला सरकारदरबारी या आकड्यांखेरीज दुसरा पुरावा क्वचितच असतो. म्हणून अन्वेषकांची कंत्राटी पद्धत बंद करून त्यांना कायम नोकरी द्यावी आणि पूर्ण झालेला प्रत्येक अहवाल ठरल्या मुदतीत प्रसिद्ध करावा, या मागण्या केवळ कर्मचाऱ्यांच्या संघटनांच्या नाहीत. पाण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या जनतेच्याही त्या मागण्या आहेत.