तंबूतील रात्र आणि घरातील ज्येष्ठ

आपल्या परिसरात ‘कॅम्प’ हा शब्द उच्चारला की पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर सहल उभी राहत नाही. उल्हासनगरचे कॅम्प क्रमांक एक ते पाच हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणीचे वारस आहेत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी तेथील बराकींत संसार थाटले आणि १९४९ साली या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या पिढीसाठी कॅम्प म्हणजे नाइलाजाचा मुक्काम होता. तिचीच नातवंडे आज पैसे मोजून भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी किंवा पवना धरणाच्या परिसरात तंबूत राहायला जातात. थंडी सुरू झाली की अंबरनाथ-बदलापूरच्या गृहसंकुलांतून शनिवारी सकाळी गाड्या निघतात आणि घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : आजी-आजोबांना न्यायचे की नाही?

या प्रश्नाची दोन उत्तरे मला दवाखान्यात वारंवार ऐकू येतात. पहिले असे की, ‘त्यांना कशाला त्रास, घरीच राहू दे.’ दुसरे असे की, ‘चला हो, काही होत नाही.’ पहिल्या उत्तरात ज्येष्ठ दोन दिवस घरात एकटे पडतात, आणि एकटे असताना स्नानगृहात पाय घसरला तर हाकेला धावून येणारे कोणी नसते. दुसऱ्या उत्तरात त्यांची काहीही पूर्वतयारी न करता त्यांना गाडीत बसवले जाते. दोन्ही उत्तरे प्रेमापोटीच दिली जातात, पण दोन्हींत ज्येष्ठांना स्वतःला काय हवे ते कोणी विचारलेले नसते.

एक चिरंजीव आपल्या आईला घेऊन आले होते. वय चौऱ्याहत्तर, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आटोक्यात. चिरंजीवांनी विचारले, “डॉक्टर, आईला भंडारदऱ्याला न्यावं की नको?” मी आजींकडे वळलो. “आजी, तुम्हाला काय वाटतं?” त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मला जायचंय हो. पण रात्री उठावं लागलं तर अंधारात कोणाला हाक मारू?” चिरंजीव थंडीचा, प्रवासाचा, खाण्यापिण्याचा विचार करून आले होते, हा प्रश्न त्यांच्या मनात आलेलाच नव्हता. वैद्यकीयदृष्ट्या आजींचा प्रश्नच सर्वांत महत्त्वाचा होता. अशा सहलीत दिवस बहुधा आनंदात जातो. खरी परीक्षा सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतच्या बारा-तेरा तासांची असते.

तंबूतील कौटुंबिक सुट्टी आपल्याकडे नवी असली तरी युरोपात ती जुनी आहे. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली आणि सामान्य कुटुंबे गावाबाहेर तंबू ठोकून सुट्टी घालवू लागली. तेथे अनेक लहान गावांच्या नगरपालिका आजही स्वतः अशा जागा चालवतात. झोपायला तंबू असला तरी स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि धुण्याभांड्यांची जागा सामाईक व पक्की असते. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे तेथे आठवडा-आठवडा राहू शकतात ते या सोयींमुळे. आपणही जागा निवडताना तलावाचे दृश्य किती सुंदर आहे हे पाहण्याआधी शौचालय किती पावलांवर आहे हे विचारावे.

घरातील तालीम

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी एक साधी चाचणी घरीच करावी. जमिनीवर गादी घालून ज्येष्ठांना एक रात्र झोपू द्यावे. सकाळी कोणाचा आधार न घेता त्यांना उठता येते का ते पाहावे. मात्र त्या वेळी जवळ कोणीतरी असावे. गुडघेदुखीमुळे उठता आले नाही तर तंबूत खाट हवी, किंवा तेथीलच पक्की खोली घ्यावी. कुटुंबाने तंबूत आणि आजी-आजोबांनी खोलीत राहण्यात काहीच कमीपणा नाही. शेकोटीभोवतीची संध्याकाळ दोघांची एकच असते.

जागेच्या चालकाला फोन करून चार गोष्टी विचाराव्यात : कमोड आहे का, वाटेवर रात्रभर दिवा असतो का, मोबाइलला रेंज मिळते का, आणि सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते. कमोड नसेल तर घडीची कमोड खुर्ची सोबत नेता येते. प्रवासात दर दोन तासांनी गाडी थांबवून ज्येष्ठांना पाच मिनिटे चालवावे. भंडारदऱ्याला जाताना कसारा घाट चढण्यापूर्वी एक थांबा आणि घोटीला दुसरा, अशी आखणी सोयीची पडते.

रात्रीचे उठणे

साठीनंतर रात्री एकदोनदा लघवीला उठावे लागणे नेहमीचे आहे. घरात ती वाट पायांखालची असते. तंबूबाहेर मात्र उंचसखल जमीन, दवाने ओले झालेले गवत आणि तंबूचे ताणलेले दोर असतात. मांडीचे हाड मोडण्यास एवढे पुरेसे आहे, आणि या वयातील तसा अस्थिभंग पुढील कित्येक महिने बदलून टाकतो. म्हणून ज्येष्ठांचा तंबू शौचालयाच्या सर्वांत जवळचा असावा. दोरांना पांढरे फडके बांधावे. उशाशी विजेरी, शिट्टी आणि मागून पट्टा असलेली चप्पल ठेवावी. जाग आल्यावर लगेच उभे न राहता एक-दोन मिनिटे बसून राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यास भोवळ येते. पुरुषांसाठी युरिनलचे भांडे तंबूतच ठेवणे उत्तम.

उठावे लागू नये म्हणून अनेक आजी दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता आणि भोवळ संभवते. पाणी दिवसा पुरेसे प्यावे. संध्याकाळनंतरचा चहा मात्र कमी करावा. लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास तिची वेळ आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावी, परस्पर बंद करू नये.

जेवण आणि औषधे

घरी आठला होणारे जेवण शेकोटीच्या गप्पांत दहावर जाते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी मात्र सवयीने आठलाच घेतली जाते. मग साखर उतरते. घाम फुटणे, हात थरथरणे, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे अंधारात कोणाच्या लक्षात येत नाहीत. त्यामुळे जेवणाआधीचे इन्सुलिन वा गोळी जेवण समोर वाढल्यावरच घ्यावी. सर्वांचे जेवण उशिरा होणार असेल तर आजोबांचे ताट आधी वाढावे. साखर उतरल्याचा संशय आला तर शुद्धीत असलेल्या व्यक्तीला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि सुधारणा होताच काही खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

औषधे दोन दिवसांची नव्हे, चार दिवसांची न्यावीत. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये आणि बर्फाला थेट टेकवूही नये. आजारांची नावे, औषधांची मात्रा आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे एका कागदावर लिहून तो ज्येष्ठांच्या खिशात ठेवावा.

थंडी आणि शेगडी

वाढत्या वयात थंडीची जाणीवच मंदावते, त्यामुळे ‘मला थंडी वाजत नाही’ या उत्तरावर विसंबू नये. कानटोपी, पायमोजे आणि एका जाड स्वेटरऐवजी एकावर एक दोन-तीन पातळ कपडे घालावेत. निम्मी थंडी जमिनीतून येते, म्हणून अंगावरच्या पांघरुणाइतकेच अंगाखालचे अंथरूण जाड हवे. मद्याने ऊब येते हा भ्रम आहे. त्याने त्वचा तापल्यासारखी वाटते, पण शरीरातील उष्णता बाहेर निघून जाते.

एक नियम मात्र कोणीही मोडू नये. कोळशाची शेगडी, बार्बेक्यू किंवा विझत आलेले निखारे तंबूत कधीही नेऊ नयेत. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधीच देत नाही. तंबूतील एकाहून अधिक जणांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ वा गरगर जाणवू लागली तर सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे आणि मदत मागवावी. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी शेकोटीच्या धुराच्या विरुद्ध बाजूस बसावे आणि इनहेलर खिशात ठेवावा.

साप आणि विंचू

नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. यांपैकी मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे अचानक पोटदुखी, पापण्या जड होणे, गिळताना त्रास होणे अशी लक्षणे दिसली तर ‘रात्रीचे जेवण बाधले’ असे म्हणून थांबू नये. दंश झालेला अवयव हलू न देता, न कापता, न चोखता, न आवळता रुग्णाला प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. खाट, नीट खोचलेली मच्छरदाणी, पूर्ण बंद केलेली तंबूची चेन आणि सकाळी झटकून घातलेले बूट यांनी धोका पुष्कळ कमी होतो.

विंचवाच्या दंशानंतर दरदरून घाम, थंडगार हातपाय वा धाप ही गंभीर लक्षणे होत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर करून विंचूदंशाच्या उपचारांना नवी दिशा दिली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातील अनेक जीव त्या कामामुळे वाचले. परंतु हा उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा लागतो. वेळेवर रुग्णालय गाठणे हे कुटुंबाचे काम. राज्यात कोठूनही १०८ क्रमांकावर विनामूल्य रुग्णवाहिका मागवता येते.

कोणी तंबू टाळावा

अलीकडच्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांनी, थोड्या चालण्यानेही धाप लागणाऱ्यांनी आणि वारंवार फिट येणाऱ्यांनी तूर्त ही सहल टाळावी. स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठांना अनोळखी जागी रात्री अधिक गोंधळल्यासारखे होते. ते उठून चालू लागतात, आणि जवळच पाणी असते. त्यांच्यासाठी दिवसाची सहल करावी आणि मुक्काम दाराला कडी असलेल्या खोलीत ठेवावा. मे महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्याला काजवे पाहायला जाणाऱ्यांनी ज्येष्ठांना अंधाऱ्या पायवाटेवर चालवण्याऐवजी गाडीजवळ खुर्ची टाकून बसवावे. एखादे झाड लखलखू लागले की ते तिथूनही दिसते.

मुले परदेशी असलेल्या कुटुंबांतही हा प्रसंग येतो. लेक किंवा जावई फ्रान्सच्या ग्रामीण भागात तंबूच्या सहलीला नेणार असतील, तर औषधे मूळ वेष्टनात आणि औषधाचे मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह न्यावीत. व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा आरोग्य विमा लागतोच. त्यात जुन्या आजारांचा समावेश कितपत आहे ते मात्र वाचून घ्यावे. युरोपात तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२ आहे. तो आजी-आजोबांच्या फोनमध्येही आधीच घालून ठेवावा.

रात्रपाळी कोणाची?

शेवटचा मुद्दा काळजीवाहकांचा. वर्षभर सासूबाईंची औषधे सांभाळणारी सून सहलीतही तेच करणार असेल, तर तिची सुट्टी झालीच नाही. निघण्यापूर्वी कामे नावानिशी वाटावीत. गोळ्या मुलाकडे, जेवणाची वेळ लेकीकडे, आणि रात्री शेजारी झोपण्याची जबाबदारी एखाद्या मोठ्या नातवाकडे द्यावी. नातवाला विजेरी द्यावी आणि आजीला त्याच्यासमोरच सांगावे, “रात्री उठायचं झालं तर यालाच हाक मारायची, संकोच करायचा नाही.” वृद्धापकाळातील अनेक अपघात ‘कशाला कोणाची झोप मोडायची’ या संकोचातून होतात. तो संकोच दिवसाउजेडी, सर्वांदेखत दूर केला तरच रात्री हाक मारली जाते.

आणि ज्येष्ठांनी ‘मला नको’ म्हटले तर तेही मानावे. मात्र त्यांना घरी ठेवताना शेजाऱ्याकडे एक किल्ली द्यावी, सकाळ-संध्याकाळच्या फोनची वेळ ठरवावी आणि रात्री कोणी सोबतीला येईल हे पाहावे. सहलीला न्या किंवा घरी ठेवा, रात्री हाक मारल्यावर ओ देणारे कोणी असले पाहिजे.