स्वतंत्र गडी

आमचा पुतण्या राधानगरीत बसून अमेरिकेतल्या एका कंपनीचं काम करतो. करारात तो 'स्वतंत्र कंत्राटदार'! म्हणजे रजा नाही, फंड नाही. हजेरी मात्र रात्री दोनला. कंपनी त्याला केव्हाही काढणार, त्यानं मात्र सोडल्यावर वर्षभर दुसरीकडे काम करायचं नाही. आमच्या धरणाचे स्वयंचलित दरवाजेसुद्धा पाणी भरल्यावरच उघडतात हो! बी.कॉम.ला घोकलेल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ अशी धंदाबंदी रद्दबातल ठरवतं. पण करारात कायदा आणि कोर्ट दोन्ही डेलावेअरचं. इथं कोल्हापूरची तारीख परवडत नाही!

म्हटलं, "नोटीस तरी दोन्हीकडून सारखी मागून घे."

"काका, तुम्हाला डॉलरचा दर ठाऊक नाही."

वीस वर्षं बँकेत मी काय झक मारतो? लेका, दर रोज बदलतो. केलेली सही बदलत नाही!