मिठीकाठची सावकाश पावले



लालबागच्या एका चाळीत राहणाऱ्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी पावसाळ्यात मोरीजवळ घसरून पडल्या. हाड मोडले नाही; मुका मार होता, तो पंधरवड्यात बरा झाला. परंतु त्या दिवसापासून घरात एक नियम झाला. "आई, तुम्ही बसून राहा. काय हवे ते आम्ही आणून देऊ." सुनेच्या या बोलण्यात मायाच होती. तरीही दिवाळी येईपर्यंत आजींना खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा जोर लावावा लागू लागला आणि चार खोल्या पलीकडच्या शेजारणीकडे जाणेही त्यांनी सोडले.

हे असे का होते, ते समजून घेऊ. न वापरलेले स्नायू उतारवयात फार लवकर क्षीण होतात. मांड्या व पोटऱ्या दुबळ्या झाल्या की तोल सांभाळणे कठीण जाते, पाऊल पुरेसे उचलले जात नाही आणि माणूस पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. म्हणजे पडू नये म्हणून जपणूक करावी आणि त्याच जपणुकीने पडण्याची वेळ जवळ आणावी, असा हा फेरा आहे. जागतिक आरोग्य संघटना पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनाही आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान तीन दिवस तोल व बळ वाढवणारे व्यायाम सुचवते. ज्यांना इतके जमत नाही त्यांनी आपल्या शक्तीप्रमाणे करावे, असेही ती सांगते.

पण नुसते 'चाला' म्हटल्याने कोणी उठत नाही. जावेसे वाटेल असे ठिकाण हवे. गिरगाव, परळ, दादरकरांसाठी असे एक ठिकाण फार दूर नाही. शीव-वांद्रे जोडरस्त्यावर, धारावीजवळ, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. विहार व पवई तलावांपासून निघालेली मिठी सुमारे अठरा किलोमीटर वाहत येथून पुढे माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ च्या महापुरामुळे तिचे नाव आपल्या मनात भीतीशी जोडले गेले आहे. तिचे पाणी आजही स्वच्छ नाही; ओहोटीच्या वेळी वासही येतो. हे आधीच सांगितलेले बरे. मात्र काठावर तिवरांचे दाट बन आहे आणि त्याला लागून सुमारे ३७ एकरांवर झाडी आहे. एकेकाळी येथे शहराचा कचरा टाकला जात असे. त्याच जमिनीवर वर्षानुवर्षे रोपे लावून ती जगवली गेली आणि १९९४ मध्ये हे उद्यान लोकांसाठी खुले झाले.

येथे डोंगर चढावा लागत नाही. सावलीतून जाणाऱ्या वाटा आहेत, औषधी वनस्पती आहेत, पावसानंतर वाढलेल्या गवतावर फुलपाखरे भिरभिरतात. तांबटाची ठकठक, दयाळाची शीळ, झुडपांतून दबकत जाणारा भारद्वाज, पाण्याच्या बाजूला खंड्या व बगळे. नातवंडांना पक्षी दाखवावेत आणि त्यांची नावे आजोबांनी सांगावीत, यासाठी ही जागा उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील सकाळ सर्वांत सुखाची. पावसाळ्यात मातीच्या वाटा निसरड्या होतात, तेव्हा जाऊ नये. उद्यानाची वेळ निघण्यापूर्वी विचारून घ्यावी आणि टॅक्सी थेट प्रवेशद्वाराशी थांबवावी.

तयारी मात्र घरूनच सुरू करावी. चाळीची गॅलरी ही त्यासाठी आयती जागा आहे. पहिल्या आठवड्यात कठड्याच्या बाजूने सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटे चालावे. अंगाला झेपले तर दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवावीत. त्याबरोबर भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीतून दिवसातून काही वेळा उठबस करावी. बोलता येते पण गाता येत नाही, इतका दम लागणे योग्य. बोलताही येईना तर थांबावे. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी आणि हात सरळ सोडून उभे राहिल्यावर तिची मूठ मनगटाशी यावी. हृदयविकार असेल, चक्कर येत असेल किंवा नुकतेच पडणे झाले असेल, तर आरंभापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

जाण्याच्या दिवशी चपला नकोत. मागून बंद असलेले, न घसरणारे बूट हवेत. पाणी, टोपी, औषधांची यादी आणि डासांसाठी मलम जवळ असावे. मधुमेहींनी उपाशीपोटी निघू नये व खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. घरी परतल्यावर तळपाय पाहावेत. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी बाकावरून एकदम उठू नये. क्षणभर बसून, पाय हलवून मग उभे राहावे. वाटेत झाडांची मुळे असतात, म्हणून पक्षी पाहायचा तर आधी थांबावे, मग मान वर करावी.

आता सोबत करणाऱ्यांसाठी दोन शब्द. ज्येष्ठांचा दंड धरून त्यांना ओढू नका. आपला कोपर पुढे करा आणि त्यांना तो धरू द्या. वेग त्यांचा असू द्या, बाक दिसला की तुम्हीच आधी बसा. परतीचा निर्णय दमल्यावर घ्यायचा नसतो. अर्धी शक्ती उरली असतानाच मागे वळावे, कारण आलो तितकेच अंतर परत जायचे असते. छातीत दडपण, असाधारण धाप, भोवळ, बोलण्यात अडखळणे किंवा एका बाजूचे बळ जाणे यांपैकी काहीही झाले तर जागीच बसवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

लालबागच्या आजींनी पाच आठवडे गॅलरीत फेऱ्या घातल्या आणि जानेवारीतील एका रविवारी त्या सून व नातवासह मिठीकाठी गेल्या. जेमतेम वीस मिनिटे चालणे झाले, त्यातही दोनदा बसणे. तिवरांपर्यंत त्या पोहोचल्या नाहीत. वाटेतच "आता वळू या" असे त्यांनीच सांगितले. घरी आल्यावर सुनेने सवयीने पाण्याचा पेला आणायला उठू पाहिले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तू बस गं, मी घेते." सून बसून राहिली.

या पंधरवड्यात आपल्या घरी इतके तरी करून पाहा.