पंक्चर 'काढलं' म्हणजे नेमकं काय केलं?

मराठीत आपण पंक्चर 'काढतो'. शब्द ट्यूबच्या जमान्यातला, आणि त्या काळी तो खराही होता. पंक्चरवाला चाक उतरवायचा, लोखंडी पट्ट्यांनी टायर उचकटून ट्यूब बाहेर ओढायचा, ती फुगवून पाण्याच्या टबात बुडबुडे शोधायचा. मग घासणं, सोल्युशन, ठिगळ. अर्धा-पाऊण तास सहज मोडायचा. पण त्या खटाटोपात एक गोष्ट न सांगता होऊन जायची, ती म्हणजे टायरच्या आतून पंक्चरवाल्याचा हात फिरायचा. खिळ्याचं टोक राहिलंय का, आतले धागे कुठे सुटलेत का, ते त्या हाताला कळायचं.

ट्यूबलेस आला आणि तो हात गेला. म्हापसा असो, फोंडा असो की काणकोण, आता काम दहा मिनिटांचं. पक्कडीने खिळा उपटायचा, खडबडीत टोचा भोकात घालून चार-पाच वेळा फिरवायचा, सोल्युशन माखलेली चिकट दोरी आत ढकलायची, बाहेर राहिलेली शेपटी ब्लेडने कापायची. वर थुंकी लावून बुडबुडा येत नाही हे दाखवायचं. "पात्रांव, कांय जावंचें ना!" आणि खरंच, बहुतेक वेळा काही होत नाही.

म्हणूनच हा वाद कधी मिटत नाही. एक म्हणतो, मी त्याच प्लगवर टायर झिजेपर्यंत गाडी चालवली. दुसऱ्याला टायरच्या शोरूममध्ये सांगितलेलं असतं की प्लग म्हणजे मृत्यूला आमंत्रण, नवीन टायर घ्या. मला दोघांचंही पटत नाही. रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याच्या मधल्या भागात साधा खिळा घुसला असेल, तर नीट बसवलेला प्लग सहसा उडून बाहेर येत नाही. गळू लागला तरी हवा हळूहळू उतरते. प्लगमुळे गाडी उलटेल असं म्हणणाऱ्याला बहुधा नवा टायर खपवायचा असतो.

भीती आहे ती वेगळ्याच गोष्टीची. खिळा टोचल्यापासून तुमच्या लक्षात येईपर्यंत गाडी किती चालली? समजा तुम्ही चोर्ला घाट उतरून येताय, मागच्या चाकातली हवा निम्म्यावर आलीय, आणि गाडीत गाणी चालू आहेत. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला बाजूने दबतो, सुटतो, पुन्हा दबतो. त्यातून तो तापतो. ही बाजूची भिंत पातळ असते, आत नुसते धागे आणि रबर. ती आतल्या आत चुरगळते. असा टायर उघडलेला मी पाहिला आहे. बाहेरून चकचकीत, नक्षी भरपूर शिल्लक, आणि आत मूठभर काळा रबराचा चुरा, कॉफीच्या भुकटीसारखा. त्या टायरला बाहेरून दोरी घालून हवा भरली असती, तर तो निमूटपणे फुगला असता. आणि नंतर कधीतरी भर उन्हात, गाडी माणसांनी भरलेली असताना, हायवेवर बाजूनेच फाटला असता. अशा वेळी लोक प्लगला शिव्या घालतात. प्लग बिचारा जागच्या जागी असतो!

दुसरी गोष्ट आपल्या पावसाची. टायरच्या पट्ट्याखाली पोलादी तारांचे थर असतात. दोरीने हवा अडते, पण भोकाची सगळी वाट आतपर्यंत बंद होतेच असं नाही. जून ते सप्टेंबर आपले रस्ते ओलेच असतात. पाणी तारांपर्यंत पोचलं की गंज धरतो, आणि थर सुटू लागतात. तो टोचा दांडगाईने किंवा भलत्या कोनात फिरवला तर तारा तुटतात ते निराळंच.

म्हणून टायरवाल्यांचा जगभरचा रिवाज असा की चाक रिमवरून उतरवायचं, आत बघायचं, आणि मग आतून छत्रीसारखा पॅच लावायचा. त्याचा दांडा भोक भरतो आणि छत्री आतला थर सील करते. आपल्याकडे याला मशरूम म्हणतात. भोक साधारण 6 मिलिमीटरपेक्षा मोठं असेल, खांद्यावर किंवा बाजूला असेल, किंवा नक्षी 1.6 मिलिमीटरपर्यंत झिजली असेल, तर दुरुस्तीच नाही, टायर बाद. मशरूमला दोरीपेक्षा काही शे रुपये जास्त जातात. नवा टायर काही हजारांना पडतो.

माझं म्हणणं एवढंच की दोरी रस्त्यावरची सोय म्हणून घ्या. रात्री अकराला अनमोडच्या रस्त्यावर तो पंक्चरवाला देवासारखा भेटतो, त्याच्याशी हुज्जत कसली घालायची? पण घरी पोचल्यावर दोन-चार दिवसांत टायर उघडून घ्या, आणि उघडताना तिथे उभे राहा. "दोरी पक्की बसलीय, उघडायची गरज नाही" असं दुकानदार सांगेल, कारण उघडणं त्याच्याही जिवावर येतं. तरी उघडायला लावा.

यात आणखी एक भर पडली आहे. 2020 साली केंद्राने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवा दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा किट असेल तर लहान गाड्यांना स्टेपनीची सक्ती राहिली नाही. किटमधलं ते चिकट द्रवही तात्पुरतंच असतं. स्टेपनी होती तेव्हा निदान चाक तरी उतरायचं.

आणि काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या गाड्या? आज दिल्लीचा, उद्या हैदराबादचा, परवा पुण्याचा. कमी हवेवर गाडी कोणी किती दामटली हे पुढच्याला कळायचा मार्गच नाही. प्लग मात्र मोजता येतात. पाहुण्यांसाठी अशी गाडी ठरवाल तेव्हा खाली वाकून चारही चाकं बघा. शेपट्या दिसल्या तर टायर आतून कधी तपासला ते मालकाला विचारा. उत्तर नीट आलं नाही, तर दुसरी गाडी मागा.